वाटलेलं आणि पोचलेलं

पोषण कार्यक्रमाचा अहवाल हातात आला की मी शेवटचं पान आधी उघडत नाही. कुपोषण अमुक टक्क्यांनी घटलं, हे तिथे असतं. सुरुवातीच्या पानांवर किती पाकिटं वाटली, किती प्रशिक्षणं झाली, किती वजनकाटे घेतले याची जंत्री असते. मी शोधत असते ती मधली पानं. पाकीट गोदामातून निघालं आणि बाळाचं वजन वाढलं, या दोन गोष्टींच्या मध्ये नेमकं काय घडलं? बहुतेक अहवालांत हे प्रकरण नसतंच. दोष अहवाल लिहिणाऱ्याचा नसतो. आराखडा करतानाच कोणी ते लिहिलेलं नसतं, मग दोन-तीन वर्षांनी तपासायचं तरी काय?

वाट लांबची असते. गोदामातून गावात, गावातून घरात, घरात नेमक्या त्या मुलाच्या ताटात, ताटातून पोटात, आणि मग अंगी लागणं. माल वेळेवर येत नाही. आला तर वाटपाच्या दिवशी आईला कामावरून निघता येत नाही. घरी नेला तर चार भावंडांत वाटला जातो. त्या मुलानेच खाल्ला तर घरच्या जेवणातून तेवढं कमी होतं, कारण त्याचं पोट आधीच भरलेलं असतं. हे सगळं जुळून आलं आणि त्याच आठवड्यात जुलाब लागले, तर महिन्याभराची कमाई चार दिवसांत जाते.

जॉर्ज बीटन आणि हुसेन गासेमी यांनी १९८२ मध्ये जगभरच्या पूरक आहार कार्यक्रमांचा आढावा घेतला होता. वाटलेल्या अन्नापैकी काही भागच ज्या मुलासाठी दिलं त्याच्या आहारात भर म्हणून पडतो, असं त्यात दिसलं. उरलेल्याला या क्षेत्रात सर्रास ‘गळती’ म्हणतात. मला हे पटत नाही. भुकेल्या घरात आईने एका मुलाचं पाकीट तिघांत वाटलं तर तिने काही चुकीचं केलेलं नाही. घरातल्या सगळ्यात धाकट्याला तेवढं मिळायला हवं असेल, तर बाकीची भावंडंही त्याच ताटाभोवती बसणार हे धरूनच किती द्यायचं ते ठरवावं लागतं. हा हिशेब आखणीत यायला हवा. नंतर आईच्या नावावर गळती म्हणून मांडणं अन्यायाचं आहे.

मधली वाट न लिहिल्याने काय होतं, याचं माझ्या मनात ठसलेलं उदाहरण बांगलादेशातलं आहे. तिथे १९९५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून एकात्मिक पोषण प्रकल्प सुरू झाला. दर महिन्याला मुलांची वजनं घ्यायची, आईला बाळाच्या आहाराबद्दल समजावून सांगायचं, आणि ज्यांची वाढ खुंटली आहे त्यांना पूरक आहार द्यायचा. कल्पना स्वच्छ होती. गावातल्याच महिला कामाला घेतल्या होत्या आणि त्या मनापासून काम करत होत्या. पुढे बँकेच्याच मूल्यमापन विभागाने या प्रकल्पाचा टप्प्याटप्प्याने मागोवा घेतला. अपेक्षेइतका परिणाम दिसत नव्हता, आणि साखळी कुठे तुटली ते शोधता शोधता गाडी घरातल्या माणसांवर आली. सल्ला आईला दिला जात होता. पण बाजारहाट पुरुष करत होते, आणि एकत्र कुटुंबात सुनेने बाळाला काय, कधी भरवायचं हे सासू ठरवत होती. सासूबरोबर राहणाऱ्या सुनांचा कार्यक्रमातला सहभागच कमी होता. ज्या आयांनी सगळं नीट ऐकलं, त्यांनाही माहिती होती पण हातात वेळ आणि सामान नव्हतं.

थोडक्यात, प्रकल्पाने योग्य गोष्ट सांगितली, पण जिच्या हातात निर्णय नव्हता तिला. आराखड्याच्या टेबलावर बसलेल्यांपैकी कोणी एवढंच विचारलं असतं की या घरात बाळाच्या खाण्याचा निर्णय कोण घेतं, तर सासू आणि नवरा पहिल्या दिवसापासून यादीत आले असते. हा प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही. गावात दोन दुपारी बसायची तयारी लागते. ‘आईचं अज्ञान’ हे कारण मला कुठल्याही आराखड्यात पहिल्या पानावर दिसलं की मी सावध होते. ते लिहायला सोपं असतं. आणि एकदा ते लिहिलं की प्रशिक्षण हे उत्तर आपोआप ठरतं, मग खरी अडचण पाण्याची असो, मजुरीची असो की सासूची.

युनिसेफने १९९० मध्ये मांडलेली चौकट या बाबतीत अजूनही उपयोगी आहे. मुलाच्या कुपोषणाची लगेचची कारणं दोनच: अपुरा आहार आणि आजार. त्यांच्या मागे तीन गोष्टी: घरातलं अन्न, बाळाची देखभाल, आणि आरोग्यसेवा व स्वच्छ परिसर. त्याच्याही मागे जमीन, मजुरी, शिक्षण, सत्ता. ही आकृती बहुतेक आराखड्यांत छापलेली असते. पण पुढच्या पानावर काम मात्र एकाच चौकोनातलं सुरू होतं. एका कार्यक्रमाने सगळे चौकोन सांभाळावेत असं कोणी म्हणत नाही. आपण ज्यांना हात लावणार नाही, ते चौकोन आपल्या गावात कशा अवस्थेत आहेत, एवढं तरी लिहावं. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८-१९ मध्ये आले. संडास, हात धुणं, पाणी शुद्ध करणं यांनी मुलांची उंची वाढेल अशी पुष्कळांची आशा होती. ती वाढली नाही. पूरक आहाराने थोडीशी वाढली. त्याचा अर्थ स्वच्छता निरुपयोगी असा कोणी काढू नये. गरीब वस्तीत घराघरातून केलेल्या एवढ्या उपायांनी परिसरातली घाण बाळाच्या तोंडापर्यंत पोचायची थांबत नसावी, असा बऱ्याच अभ्यासकांचा तर्क आहे. निदान पुढचा आराखडा करणाऱ्याला कुठे विचार करायचा ते कळलं.

मोजमापाबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण सगळी इमारत त्यावर उभी असते आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजतात. इन्फंटोमीटरच्या फळीवर बाळाला ठेवायचं. एकाने डोकं दोन्ही हातांनी धरून वरच्या पाटीला टेकवायचं, नजर सरळ वर. दुसऱ्याने एका हाताने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हाताने खालची सरकती पाटी तळव्यांना भिडवायची. तेवढ्यात बाळ रडून कमान करतं, टाचा उचलतं, आई ‘झालं, झालं’ म्हणत वाकते आणि तिची सावली पट्टीवर पडते. त्या क्षणी मिलिमीटरपर्यंत आकडा वाचायचा असतो. दिवसाचं तिसावं घर असेल, ऊन डोक्यावर असेल, तर ७०.३ चे ७०.० किंवा ७०.५ व्हायला काही लागत नाही. म्हणूनच माहिती हातात आली की मी दशांशानंतरचा आकडा बघते. शून्य आणि पाच यांचीच गर्दी असेल तर तिथे मोजलं कमी आणि अंदाज जास्त बांधला, हे समजतं.

वयाचं तर त्याहून अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार एक वर्षाच्या मुलग्याची लांबी मध्यमानाने ७५.७ सेंटिमीटर असते आणि ७१.० च्या खाली गेली की त्याची गणना खुज्या मुलांत होते. दहा महिन्यांच्या मुलग्यासाठी ती रेषा ६८.७ वर असते. म्हणजे ७० सेंटिमीटरचं बाळ दहा महिन्यांचं असेल तर रेषेच्या वर, आणि बारा महिन्यांचं असेल तर खाली. जन्मतारीख कागदावर नसेल आणि आजी ‘वर्षाचं असेल’ म्हणाली, तर त्या एका वाक्याने मुलाचा रकाना बदलतो. चांगले सर्वेक्षक सण, पेरणी, घरातलं लग्न असे धागे धरून महिना काढतात. त्याला वेळ लागतो. एका दिवसात इतकी घरं झालीच पाहिजेत असा दट्ट्या लावला की ही चौकशी पहिली सुटते.

रेषेचा आणखी एक त्रास. खुजेपणाची ही रेषा म्हणजे त्या वयाच्या मध्यमानापासून दोन प्रमाण विचलनं खाली, म्हणून तिला उणे दोन म्हणतात. उणे दोनच्या रेषेखाली किती टक्के मुलं, एवढाच निकष ठेवला तर उणे २.१ वरून उणे १.९ वर आलेलं मूल यशात मोजलं जातं आणि उणे ४ वरून उणे ३ वर आलेलं मोजलं जात नाही. खरी झुंज त्या दुसऱ्या मुलाच्या घरात झालेली असते. टक्केवारीबरोबर सरासरीही पाहिली तर हे दिसतं. शिवाय कार्यकर्तीला कुठल्या आकड्यावर जोखलं जाणार हे ठाऊक असलं, की तिचं लक्ष नकळत रेषेजवळच्या मुलांकडे वळतं. तिला बोल लावण्यात अर्थ नाही, निकष तिने ठरवलेला नसतो.

आणि काळ. उंची सावकाश वाढते आणि खुजेपणाचं बहुतेक नुकसान गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत होतं. दीड वर्षाचा कार्यक्रम संपल्यावर पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांची उंची मोजली, तर त्यातली बरीचशी मुलं कार्यक्रम सुरू झाला तेव्हाच दोन वर्षांची होऊन गेलेली असतात. त्यांच्या उंचीवर फरक पडायची संधीच नव्हती. मग ‘परिणाम नाही’ असा शेरा बसतो आणि चाललेलं काम बंद पडतं. याच्या उलटही होतं. पहिलं सर्वेक्षण टंचाईच्या महिन्यांत आणि शेवटचं पीक घरात आल्यावर केलं, तर काहीही न करता रोडपणा, म्हणजे उंचीच्या मानाने कमी वजन, घटलेला दिसेल. दोन्ही सर्वेक्षणं एकाच ऋतूत हवीत, आणि शेजारच्या, कार्यक्रम नसलेल्या गावांशी ताडून पाहायला हवीत.

ताडून पाहण्याचा विषय निघाला की एक आक्षेप येतोच: काही गावांना द्यायचं आणि काहींना मुद्दाम वंचित ठेवायचं, हे नैतिक आहे का? प्रश्न रास्त आहे. मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा हा गरीब कुटुंबांना रोख मदत देणारा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा एकदम सगळीकडे पोचण्याएवढा पैसा आणि माणसं नव्हतीच. मग अभ्यासासाठी घेतलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांत आधी सुरुवात करायची आणि १८६ गावांत नंतर, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. तसंही कोणाला तरी थांबावं लागणारच होतं. ओळखीपाळखीवर ठरण्याऐवजी ते असं ठरलं, आणि त्यातून पुराव्याचं भांडार तयार झालं. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो, मात्र थांबलेल्या गावांची पाळी खरंच यायला हवी.

न मोजता चांगलंच होत असणार असं मानण्यातला धोका किती मोठा असू शकतो, ते टांझानियातल्या पेम्बा बेटावर दिसलं. लहान मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिड द्यायचं, यात कोणाला काय खटकणार? पण तिथे हिवतापाचं थैमान होतं. चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्यांना दिसलं की या गोळ्या मिळणाऱ्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यूचं प्रमाण जास्त आहे, आणि तो भाग मध्येच थांबवला गेला. २००६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा ही वाढ १२ टक्के होती. ज्यांच्या अंगात लोह खरोखर कमी होतं आणि ज्यांना हिवतापावर वेळीच उपचार मिळत होते, त्यांना मात्र फायदा दिसला. मोजणारं कोणी नसतं तर गोळ्या वाटपाचा अहवाल उत्तमच आला असता.

वाट आखूड असली की काम किती सोपं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. मिठात आयोडीन मिसळायला स्वित्झर्लंडने १९२२ मध्ये सुरुवात केली. मीठ घराघरात रोज लागतं, गरीब-श्रीमंत जवळजवळ सारखंच खातात, आईला काही शिकवावं लागत नाही, सासूची परवानगी लागत नाही. कारखान्यात एका जागी मिसळलं की झालं. तपासायलाही लघवीतलं आयोडीन पुरतं. वस्तीचं मध्यमान लिटरला १०० ते १९९ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असलं की ठीक चाललं आहे. हे यश पाहून सगळंच असं होईल, असं वाटणं साहजिक आहे. पण नऊ महिन्यांच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा, दाटसर, ताजं, स्वच्छ हातांनी भरवणं कुठल्याही कारखान्यात मिसळता येत नाही.

आता ज्या आकड्यासाठी मी सर्वांत जास्त भांडते त्याबद्दल. तीव्र कुपोषित मुलांच्या उपचार कार्यक्रमात बरं होण्याचं प्रमाण ७५ टक्क्यांच्या वर असावं, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे, आणि पुष्कळ कार्यक्रम ९० टक्के सहज दाखवतात. आकडा खरा असतो. पण समजा, त्या भागात अशी १०० मुलं आहेत, केंद्रात आली २०, आणि त्यातली १८ बरी झाली. कागदावर ९० टक्के. वस्तीच्या हिशेबाने १८. न आलेली ८० मुलं कुठल्याच रकान्यात नाहीत, कारण नोंदवही दारातून आत आलेल्यांचीच असते.

ती का आली नाहीत, हे विचारायला दारोदार जावं लागतं. अंतर, बुडणारी मजुरी, घरात दुसरं आजारी माणूस ही कारणं अपेक्षितच असतात. पण अशा पाहण्यांत पुन्हा पुन्हा निघणारं एक कारण ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. आई एकदा बाळाला घेऊन लांबून चालत आलेली असते. दंडाचा घेर मोजायला पट्टी लावतात. ११५ मिलिमीटरच्या खाली असेल तर दाखल करायचं, असा नियम. तिच्या बाळाचा भरतो ११७. ‘बसत नाही’ म्हणून परत पाठवतात. ती घरी जाऊन जावेला सांगते, शेजारणीला सांगते. महिन्याभराने तेच बाळ ११० वर आलेलं असतं, पण ती आता येत नाही, आणि शेजारीणही येत नाही. नियम बरोबर होता, पट्टी बरोबर होती. चुकलं ते त्या आईशी दोन मिनिटं बोलायचं. पुन्हा कधी यायचं, काय दिसलं तर लगेच यायचं, तोवर घरी काय करायचं हे कोणी सांगितलं नाही, कारण आराखड्यात परत जाणाऱ्या मुलांसाठी काही लिहिलेलंच नव्हतं. नायजर देशात आयांनाच रंगीत पट्ट्या देऊन मोजायला शिकवलं, तेव्हा त्यांचं मोजणं कार्यकर्त्यांच्या तोडीचं निघालं आणि दाखल होणारी मुलं आधीच्या टप्प्यावर सापडू लागली. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की पट्टी घरात राहिली. दारातून परत जाण्याचा प्रश्नच कमी झाला.

दूरचा परिणाम पाहायची चिकाटी फार थोड्यांना साधली आहे. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक अभ्यास झाला. दोन खेड्यांत प्रथिनयुक्त पेय, दोन खेड्यांत साखरेचं कमी उष्मांकाचं पेय. उंचीत फायदा दिसला तो तीन वर्षांच्या आतल्या मुलांना. संशोधकांनी त्या मुलांचा माग सोडला नाही. ती मोठी झाली, कमावती झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या पुरुषांना पहिल्या दोन वर्षांत प्रथिनयुक्त पेय मिळालं होतं, त्यांची ताशी कमाई ४६ टक्क्यांनी जास्त होती. बायकांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. त्यांना कमाईच्या संधीच किती होत्या, हा प्रश्न त्यामागे उभा राहतोच. प्रत्येक कार्यक्रमाला इतकी वर्षं थांबणं जमणार नाही. पण दीड वर्षाच्या आकड्यांवर एखादं काम निकालात काढताना ही खेडी आठवावीत.

टांझानियातल्याच इरिंगा भागात १९८३ पासून वेगळ्या पद्धतीने काम सुरू झालं. मुलांची वजनं गावातच घ्यायची, आकडे गावच्याच बैठकीत ठेवायचे, कोणतं मूल का घसरलं यावर गावानेच बोलायचं, आपल्याच्याने काय होईल ते ठरवायचं, आणि पुढच्या वजनाच्या वेळी ते झालं का पाहायचं. मूल्यमापन असं वेगळं काही राहिलंच नाही. आखणी आणि तपासणी हे एकाच बैठकीचे दोन विषय झाले. वजन घेऊन ते नोंदवहीत लिहून वर पाठवलं आणि आईला काहीच सांगितलं नाही, तर त्या वजनाचा मुलाला काय उपयोग?

सर्वेक्षणाला आलेली माणसं घरातल्या बाईचे दोन-दोन तास घेतात. काय शिजवलं, कोणी आधी खाल्लं, बाळाला किती वेळा जुलाब झाले, घरात किती दिवस उपास पडला, असले प्रश्न विचारतात. ती हातातलं काम टाकून उत्तरं देते, बाळाला रडू देते, बोटातून रक्तही काढू देते. निकाल मात्र तिला कधी कळत नाही. निधी देणाऱ्याला अहवाल कधी द्यायचा, त्याची तारीख करारात असते. गावाला निकाल सांगायची तारीखही त्याच करारात हवी, तिचा खर्च अंदाजपत्रकात हवा, आणि त्या बैठकीला ज्यांनी मोजलं त्याच माणसांनी जायला हवं. कारण तिथे लोक टक्केवारी विचारत नाहीत. आमचं मूल कुठल्या रकान्यात आहे आणि आता काय करायचं, हे विचारतात. त्याचं उत्तर घेऊन जायचं, तर ते आखणीच्या दिवसापासूनच तयार ठेवावं लागतं.